रविवारच्या पुड्या

बन्सीधर गुरुजींना सगळं कळतं, असं पिंगळीत लोक म्हणायचे, आणि लोकांच्या म्हणण्यात खोट काढायची गुरुजींना कधी गरज वाटली नाही. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. कुणाच्या जमिनीची मोजणी अडली, कुणाचा पेन्शनचा कागद परत आला, कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट आला, की माणसं आधी गुरुजींच्या ओट्यावर यायची आणि मग जिथं जायचं तिथं जायची. गुरुजी चष्मा कपाळावर सारून कागद नाकाजवळ धरायचे, "हूं" म्हणायचे, आणि तेवढ्यानंच समोरचा निम्मा बरा व्हायचा. उरलेला निम्मा डॉक्टरकडं जायचा.

रक्ताच्या रिपोर्टातलं त्यांना जरा जास्तच कळायचं, कारण एकसष्टाव्या वर्षी त्यांना स्वतःला अटॅक येऊन गेला होता. नांदेडला नेलं, नळीत स्प्रिंग टाकली. घरी आल्यावर गुरुजींनी चरबीशी उभा दावा मांडला. तूप गेलं, तेल चमच्यानं मोजून, आणि मीठ तर असं सोडलं की नर्मदाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, रोज दोन भाज्या कराव्या लागायच्या. एक माणसांची आणि एक गुरुजींची. सहा महिन्यांनी सगळे आकडे कंसात बसले. हार्टच्या डॉक्टरनं बाहेर बसलेल्या पेशंटांना आत बोलावून तो कागद दाखवला आणि "शिका या गुरुजींकडून" असं म्हणाला. हे वाक्य गुरुजींनी पुढं सहा वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

आता त्यांच्या नातीचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिच्या जिवाची आहे. श्रीनिधी, घरातली निधी, जन्मली तेव्हा मुलगा की मुलगी हे सांगायला डॉक्टरांनी अकरा दिवस घेतले. बाहेरून बघून कुणाला ठरवता येईना. नात्यातल्या बायका दवाखान्यात यायच्या, दुपटं वर करून बघायच्या आणि तोंडाला पदर लावून परत जायच्या. मग संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, मुलगी आहे, पक्की मुलगी आहे. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ती हिची जन्मतःच बिघडलेली. दोष निम्मा आईकडून आला, निम्मा बापाकडून, आणि हिच्यात पुरा झाला. जगायला जो रस अंगात आपोआप तयार व्हावा लागतो तो हिच्यात होत नाही, म्हणून तो गोळीतून द्यायचा. दिवसातून तीनदा, जन्मभर. शिवाय एक बारकी गोळी, अंगातलं मीठ धरून ठेवायला. गोळ्या चुकल्या तर पोर जाईल, इतकं ते साधं होतं.

त्या अकरा दिवसांत घरातली सगळी खाली माना घालून बसली होती. मुलगा परमेश्वर दवाखान्याच्या जिन्यात बसून रडायचा. एकटे गुरुजी ताठ उभे राहिले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. बघायला आलेल्या चुलत भावजयीला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. "नात हाय माझी. दुपट्याला हात लावायचा न्हाई," म्हणाले. आणि वहीत सगळं उतरवून घेतलं. औषधाचं माप काय, ताप आला तर काय, उलटी झाली तर काय. सून राजेश्री त्या दिवसापासून सासऱ्याला देवाच्या जागी मानायला लागली. माणसाला देव केलं की पुढं त्याला कुणी काही विचारत नाही, एवढाच त्यात तोटा.

पुड्या तेव्हाच सुरू झाल्या. तान्ह्या लेकराला गोळीचा इवलासा तुकडा द्यायचा, तो मोजायचा कसा? गुरुजी ब्लेडनं गोळी कापायचे, पितळी खलात कुटायचे, साखरेची चिमूट मिसळून सारखे वाटे करायचे. दर रविवारी सकाळी आठवड्याच्या एकवीस पुड्या बांधल्या जायच्या. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांचे चौकोन, त्यावर निळ्या शाईनं स, दु, रा. पोरगी मोठी झाली, गोळीचा तुकडा आता सहज गिळला असता तिनं, पण पुड्यांची चाल पडली ती पडलीच. राजेश्री परभणीला पंचायत समितीत क्लार्क. सकाळची आणि रात्रीची पुडी ती पाजायची, दुपारची आजी. परमेश्वर येलदरीला वीजकेंद्रावर, तो शनिवार-रविवारचा पाहुणा. बांधायचं काम मात्र गुरुजींचंच. निधी समोर मांडी घालून बसायची आणि अपूर्णांक त्या पुड्यांवरच शिकली. "दोन पाव म्हणजे?" "अर्धी, आबा." "आन् पावाची अर्धी?" "अर्धपाव." दुसरीत असताना ती चौथीची गणितं करायची. आबांना तिचा अभिमान होता आणि तिला आबांचा.

यंदा पाडव्याच्या आधी तिला तपासणीला संभाजीनगरला नेलं. नऊ पुरी झालेली, वजन जरा जास्त, गाल भरलेले. राजेश्रीच्या ऑफिसात ऑडिट होतं, तिला येता आलं नाही. परमेश्वर खाली मेडिकलच्या रांगेत. डॉक्टरीणबाईंसमोर बसले ते आजोबा आणि नात. बाईंनी रिपोर्ट चाळला आणि म्हणाल्या, रक्तात चरबी वाढलीय. ट्रायग्लिसराइड दोनशे दहा.

"अशा मुलांत हे दिसतं," बाई म्हणाल्या. "आजाराचं पण असतं, गोळीचं पण असतं. घाबरायचं नाही. तळलेलं आणि पाकिटातलं खाणं कमी करा, मैदानावर खेळू द्या. मीठ लागेल तेवढं खाऊ द्या. तीन महिन्यांनी परत तपासू आणि मग डोसचं काय ते मी ठरवीन. तुम्ही मनानं काही बदलायचं नाही."

गुरुजींनी मान डोलावली. ऐकलंही सगळं. पण ऐकलेल्यातलं काय घरी न्यायचं हे ज्याचं त्याचं डोकं ठरवतं. दोनशे दहा हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. अटॅकच्या वेळी त्यांचा स्वतःचा दोनशे चौदा होता. आणि "गोळीचं पण असतं" हे तर त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. नऊ वर्षं ज्या पुड्या आपल्या हातानं बांधल्या त्याच पोरीच्या नळ्या बुजवायला लागल्या म्हणजे! बाईंचं काय, त्यांना दिवसाला पन्नास पेशंट. तीन महिने वाट बघा म्हणायला त्यांचं काय जातं?

परतीच्या वाटेवर परमेश्वरनं विचारलं, "काय मनल्या मॅडम?"

"चरबी वाढलीय. पथ्य सांगितलंय," गुरुजी म्हणाले. "मी बघतो."

घरी त्यांनी जे पथ्य सांगितलं ते बाईंचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. तूप बंद, तेल चमच्यानं, लोणचं-पापड बंद, मीठ जवळजवळ बंद.

राजेश्री थबकली. "मामा, मीठ बी? हिला तर मीठ लागतं मनले होते ना?"

"ते तान्ही होती तवा. आता मोठ्या माणसाचा आजार झालाय, पथ्य बी मोठ्या माणसाचंच."

"मॅडम मनल्या का आसं?"

"मग मी काय मनानं सांगायलोय?"

हे सरळ खोटं होतं. पण गुरुजींना ते खोटं वाटलं नाही. बाईंना वेळ असता तर त्यांनी हेच सांगितलं असतं, अशी त्यांची खात्री होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! जिच्या अंगात मीठ टिकत नाही तिच्या ताटातलं मीठ काढून घेतलं, तेही गावातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसानं.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं कदाचित. पुढच्या रविवारी ते खल घेऊन बसले, गोळ्या मोजून काढल्या आणि त्यातल्या निम्म्या परत बाटलीत टाकल्या. मिठाच्या बारक्या गोळीचंही तेच केलं. साखर मात्र वाढवली, म्हणजे पुडी पूर्वीएवढीच दिसेल. पोरगी समोर बसून बघत होती. जिला पावाची अर्धी करता येते तिच्यापासून हे काय लपणार?

"आबा, आज निम्मंच टाकलंत."

"हां. हळूहळू कमी करायचंय. तुझी चरबी उतरली पायजे का न्हाई?"

"मॅडम तर मनल्या, काई बदलू नका."

गुरुजींचा हात खलावर थांबला. वर्गात उलट प्रश्न ऐकायची सवय नव्हती, आणि हा प्रश्न तर बरोबर होता. मग त्यांनी जे केलं ते आपल्याकडं कुठलाही मोठा माणूस लेकराचं तोंड बंद करायला करतो. तिचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. आईला, आजीला, कुणालाच सांगायचं न्हाई. रिपोर्ट चांगला आला की आपुनच सांगू सगळ्यांला. मॅडम बी खूश व्हतील."

गळ्याची शपथ मोडली की ज्याचा गळा त्याचं मरण, हे लेकरांना शिकवावं लागत नाही. त्यात आबांना एकदा अटॅक आलेला, हेही निधीला ठाऊक होतं. तिनं घाबरून हात मागं घेतला आणि मान हलवली.

चैत्र तापला आणि पोरगी वाळायला लागली. गुरुजी दर रविवारी तिला किराणा दुकानाच्या काट्यावर उभं करायचे आणि काटा खाली आला की खूश व्हायचे. राजेश्री एकदा म्हणाली, "मामा, ही लय सुस्त पडायलीय. शाळेतून आली की झोपतीच."

"वजन उतरतं तवा तसंच व्हतं. मला बी व्हायचं."

"आन् काळी काहून पडायलीय एवढी? कोपरं बघा, बोटांची पेरं बघा."

"ऊन काय कमी हाय का?"

प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. राजेश्रीला सकाळी नऊची बस गाठायची असायची आणि संध्याकाळी साडेसहाला ती दमून यायची. शिवाय नऊ वर्षांत सासऱ्याचं एक माप चुकलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं विश्वास ठेवला यात तिची काय चूक काढायची?

एकदा निधी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत हात घालून खडे मीठ खाताना सापडली. चाखत नव्हती, खात होती. हुरडा खावा तशी. गुरुजींनी बरणी हिसकावून वरच्या फळीवर ठेवली आणि तिच्या पाठीत एक धपाटाही घातला.

नर्मदाबाई भाकरी थापत होत्या. "पोरीचं अंग मीठ मागायलंय," त्या म्हणाल्या. "ढोर भिंत चाटाया लागलं तर मालक त्याला मीठ घालतो. मारत न्हाई."

"तुला काय कळतं त्यातलं? रिपोर्ट वाचता येतो का?"

"न्हाई येत," म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. पण त्या दिवसापासून गुरुजी दुपारी आडवे झाले की त्या पोरीला परसात न्यायच्या आणि कैरीच्या फोडीला मीठ माखून तिच्या हातात द्यायच्या. मे महिन्यापर्यंत पोरगी तगली ती या चोरीच्या मिठावर, असंच म्हणावं लागतं. तिसरी शिकलेल्या बाईचा तो इलाज पुढं कुठल्याच कागदावर आला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निधीला ताप भरला. राजेश्रीला रजा मिळेना. निघताना ती दारातून सांगून गेली, "मामा, तापाचं माप द्या हं." तापाचं माप म्हणजे दुप्पट. अंगावर दुखणं आलं की चांगल्या माणसाचं शरीर तो रस आपसूक जास्त करतं. असल्या लेकरांना तो वरून द्यावा लागतो. गुरुजींनी दोन पुड्या सोडल्या, पाण्यात कालवल्या, आणि गणिताच्या मास्तरला तेव्हा दिसलं की निम्म्याची दुप्पट म्हणजे एकच होते. चार पुड्या द्यायला हव्यात. त्यांचा हात डब्यात गेलासुद्धा. पण नर्मदाबाई शेजारी उभ्या होत्या. चार काहून, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? गुरुजींनी डब्याला झाकण लावलं.

दहा वाजता ती ओकली. पुड्या बाहेर आल्या. वहीच्या पहिल्याच पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, उलटी झाली तर वाट बघू नये, सुई द्यावी. सुई कपाटात तयार ठेवलेली होती. नर्सबाई गल्लीच्या टोकाला राहत होत्या. पण सुई दिली की राजेश्रीला फोन आला, फोन आला की डॉक्टर आला, डॉक्टर आला की प्रश्न आले.

"ऊन लागलंय," गुरुजी म्हणाले. तिच्या तळपायांना कांदा चोळला. लिंबू-साखरेचं पाणी केलं. नर्मदाबाई त्यात चिमूटभर मीठ टाकायला गेल्या तर त्यांचा हात धरला.

बारा वाजता पोरगी हाकेला ओ देईना. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि तिचे हातपाय गार. नर्सबाई एव्हाना कामावर गेल्या होत्या. गुरुजी "निधे, निधे" करत तिचे गाल थोपटत राहिले. नर्मदाबाईंनी उभ्या जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला बाजूला ढकललं, रस्त्यावर जाऊन नागनाथ रिक्षावाल्याला ओढत आणलं आणि पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. "तुमची ती सुई घ्या बरूबर," एवढंच बोलल्या. गुरुजी कुपी मुठीत धरून पुढं नागनाथशेजारी बसले. परभणी येईस्तोवर त्यांनी ती मूठ सोडली नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, पण चलाख. त्यानं कुपी बघितली, आजाराचं नाव ऐकलं आणि पुढचं काही न विचारता सुई टोचली, सलाइन सोडलं, संभाजीनगरच्या बाईंना फोन लावला. अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो, असं तो नंतर म्हणाला. राजेश्री ऑफिसातून चपला न घालता आली होती. परमेश्वर येलदरीहून आला. संध्याकाळी निधीनं डोळे उघडले, पाणी मागितलं आणि मग इकडं तिकडं बघून विचारलं, "आबा कुठायत?"

तिसऱ्या दिवशी रिपोर्टांचा गठ्ठा आला. गुरुजींनी सवयीनं चष्मा कपाळावर सारला. पहिली नजर गेली ती ट्रायग्लिसराइडवर. एकशे बारा. चरबी उतरली होती. आणि त्या माणसाला आनंद झाला. अगदी खरा आनंद, वर्गातलं पोरगं जिल्ह्यात पहिलं आल्यावर व्हायचा तसा. मग समोर कॉटवर झोपलेली नात दिसली, तिचे काळवंडलेले हात दिसले, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी कागद पालथा ठेवला.

डॉक्टर आत आला तो सरळ मुद्द्यावर. "हा एका दिवसाच्या तापाचा प्रकार नाही. दीड-दोन महिने हिच्या पोटात औषध पुरं जात नव्हतं. आणि मीठ कुणी बंद केलं?"

मिठाचं लवकर मिटलं. दादांच्या लक्षात राह्यलं नसंल, वयानं होतं, असं परमेश्वर बापाबद्दल म्हणाला. चौतीस वर्षांतल्या प्रत्येक पोराचा हजेरी क्रमांक पाठ असलेल्या गुरुजींनी मुकाट्यानं विसरभोळेपणा पदरात घेतला. मोठा डाग झाकायला लहान डाग बरा पडतो.

"आणि गोळ्या? त्या कोण देतं?"

"मी देते," राजेश्री म्हणाली. "पुड्या मामा बांधतात, पाजते मी. एक दिवस चुकले न्हाई, डॉक्टर. देवाशप्पथ न्हाई चुकले."

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिला. परमेश्वरही तिच्याकडंच बघायला लागला. गुरुजींकडं कुणी वळलंच नाही. त्यांचं नाव कुणाच्या मनात येणार? राजेश्रीचा चेहरा पांढरा पडत चाललेला गुरुजींना दिसत होता. आता बोलायचं, त्यांनी ठरवलं. आता. आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मीच खात नव्हते."

सगळे कॉटकडं वळले. निधी उशीला टेकून बसली होती.

"पुडी तोंडात धरायचे आन् आई गेली की मोरीत थुंकायचे. कडू लागतं."

राजेश्रीनं दोन पावलं टाकली आणि खाडकन तिच्या थोबाडीत दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही हाताला सलाइन लावलेल्या पोरीला. मग तिलाच कवटाळून ओक्साबोक्शी रडायला लागली. निधी रडली नाही. आईच्या खांद्यावरून ती आबांकडं बघत होती. त्या नजरेत तक्रार नव्हती. आबा धड उभे आहेत ना, श्वास घेतायत ना, एवढंच ती बघत होती. खरं सांगितलं असतं तर आबा गेले असते, अशी तिची समजूत. पोरीनं आपल्या परीनं आजोबाचा जीव वाचवला होता आणि आजोबांनी तो वाचवून घेतला.

घरी आल्यावर पुड्या बंद झाल्या. आता राजेश्री स्वतः गोळी कापून तुकडा हातावर द्यायची, आणि गिळला की, "आ कर. जीभ वर कर. गाल दाखव." दिवसातून तीनदा. पाहुणे बसलेले असले तरी. ती ऑफिसात असली की दुपारचं आजीनं बघायचं. गोळ्यांची बाटली कुलुपात गेली. शाळा उघडल्यावर वर्गशिक्षिकेला सांगून ठेवलं की ही खोटं बोलते, डब्याकडं आणि गोळीकडं लक्ष ठेवा. शिक्षिकेनं लक्ष ठेवलं आणि चार जणींना सांगितलंही. परमेश्वरचा येलदरीहून फोन आला की पहिला प्रश्न, "आमच्या खोटारडीनं गोळी खाल्ली का?" तो हे लाडानं म्हणायचा, पण म्हणायचा. जी पोरगी घरात सगळ्यात खरी होती तिचं नाव खोटारडी पडलं.

रविवारी सकाळी ती अजूनही आबांच्या समोर येऊन बसायची. करायला काही नसायचं. आबा म्हणायचे, "गणित करायचं का?" ती म्हणायची, "नको."

गुरुजी एका शनिवारी पोखर्णीला जाऊन आले. नृसिंहाच्या पायाशी डोकं टेकून सगळं सांगितलं, अगदी निम्म्या गोळ्यांपासून ते कांद्यापर्यंत. देव ऐकून घेतो, उलट विचारत नाही, म्हणून तिथं सांगणं सोपं. पण मन काही हलकं झालं नाही. उलट तेव्हापासून निधीनं आ केला की त्यांना उठून परसात जावंसं वाटायचं.

पुढच्या आठवड्यात, रविवारी दुपारी, सगळे जेवायला बसले होते. परमेश्वर घरी होता. राजेश्रीनं निधीला गोळी दिली आणि परमेश्वर मोबाईलची बॅटरी लावून तिच्या तोंडात बघायला वाकला.

"थांब," गुरुजी म्हणाले. "पोरीनं काई केलं न्हाई. औषध मी कमी केलं. निम्म्या गोळ्या काढून घ्यायचो आन् साखर मिसळायचो. तिला मी शपथ घातली व्हती, सांगू नको मनून."

नर्मदाबाईंचा वाढता हात तसाच राहिला.

मग परमेश्वर हसला. चेष्टेनं नाही, मायेनं हसला. "दादा, बास करा आता. पाठीशी घालायचं तर किती? तुमी औषध कमी करताल? तुमी?"

"मी खरं सांगायलोय."

"मामा, असल्या लाडानंच बिघडली ती," राजेश्री म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तिच्यापायी सवताच्या माथ्यावर घेऊ नका. तुमी नसतात तर ही पोरगी अकराव्या दिवशीच गेली असती. मला काय ठावं न्हाई का?"

"आगं पर..."

"तिलाच इचारू ना," परमेश्वर म्हणाला. "निधे, बघ, तुझ्यापायी आबा खोटं बोलायलेत. आता तरी खरं सांग. कुणी केलं?"

निधीनं आबांकडं बघितलं. ती विचारत होती. सांगू का, एवढंच त्या नजरेत होतं. गुरुजींनी नुसती मान हलवायची होती. सांग बाळ, मला काही होत नाही, एवढं म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण समोर सून डोळे पुसत होती, मुलगा कौतुकानं बघत होता, नऊ वर्षांची सगळी पुण्याई त्या दोघांच्या तोंडावर होती. गुरुजींनी खाली ताटात बघितलं. नर्मदाबाई नवऱ्याकडं टक लावून बघत होत्या. त्या घरात तेवढ्या एकट्या बाईला सगळं कळलं, आणि तिला कुणी काही विचारलं नाही.

"मीच," निधी म्हणाली.

"झालं?" परमेश्वर म्हणाला आणि बॅटरी परत लावली. "आ कर."

तिनं आ केला. जीभ वर केली. डावा गाल दाखवला, मग उजवा. आणि सांगायला लाज वाटते, पण गुरुजींना हायसं वाटलं. आपण तर सांगितलं होतं; कुणी ऐकलं नाही याला आपण काय करणार? त्यांनी ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली. दुसऱ्यांदा ते बोलले नाहीत.